अकरावी बाग

सेलूच्या बागेशी गाडी लावली तेव्हा दुपारचे साडेतीन झाले होते आणि भुऱ्यानं पाणी पिणं सोडलं होतं. माधवरावांनी इंजिन बंद केलं. मागच्या पलंगावर सुमंगलाबाई कुत्र्याच्या अंगावर ओलं फडकं टाकून बसल्या होत्या. मे महिन्याचं ऊन पत्र्यातून खाली उतरत होतं. जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन तिच्यात पलंग, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवून घेतली, त्याला सात महिने झाले होते. नागपूर, नाशिक करत ते पार चंदीगडपर्यंत जाऊन आले होते. तीन दिवसांपूर्वी नांदेड झालं. ही अकरावी गुलाबबाग.

हौसेनं फिरतात, असं परभणीतल्या शेजाऱ्यांना वाटायचं. ते विवेकला शोधत होते.

विवेक त्यांचा एकुलता एक. बँकेच्या परीक्षेत चौथ्यांदा नापास झाला तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. अभ्यास सोडून गच्चीवर गुलाबाची कलमं करत बसायचा, पिशव्यांत माती भरून रांगा लावायचा. निकालाच्या दिवशी माधवरावांनी, जन्मभर कचेरीत आवाज न चढवलेल्या माणसानं, त्या पिशव्या एकेक करून गच्चीवरून रस्त्यावर फेकल्या. दीडशे तरी असतील. गल्ली बघत होती. सुमंगलाबाई जिन्यात उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याचा हात धरला नाही. विवेक खाली जाऊन मोडलेली रोपं गोळा करत बसला आणि सकाळी घरात नव्हता.

नंतर एकदाच फोन आला, कुणाच्या तरी नंबरावरून. सरकारी गुलाबबागेत कामाला आहे, बरा आहे, एवढंच म्हणाला. कुठली बाग, ते सांगितलं नाही.

म्हणून प्रत्येक बागेत जाऊन फोटो दाखवायचा, नंबर लिहून द्यायचा आणि विवेकनं पाळलेल्या भुऱ्याला वाफ्यांतून एकदा फिरवायचं. माणसाच्या नजरेतून सुटेल, कुत्र्याच्या नाकातून सुटणार नाही, असा सुमंगलाबाईंचा हट्ट. बहुतेक ठिकाणी कुत्र्याला आत सोडत नसत. मग त्या पहारेकऱ्याच्या पाया पडायच्या. तीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई. माधवराव तेव्हा दुसरीकडे बघत.

सेलूत पाया पडावं लागलं नाही. आश्रुबा नावाचा साठीचा माळी पाईप लावून पाणी देत होता. त्यानं आधी कुत्र्यापुढं बादली ठेवली. भुऱ्या प्यायला. मग उठला आणि दोरी ओढत थेट कोपऱ्यातल्या पत्र्याच्या खोलीकडं गेला, दाराच्या फटीत नाक घालून कण्हू लागला. सुमंगलाबाईंनी आश्रुबापुढं फोटो धरला.

आश्रुबानं फोटो बघितलाच नाही.

"भुऱ्या का हा?" त्यानं विचारलं.

विवेक चार महिने त्या खोलीत राहिला होता. गुत्तेदाराकडं, म्हणजे कंत्राटदाराकडं, रोजावर होता, पण बागेतली अर्धी कलमं त्याच्या हातची होती. परवाच गेला. कुठं, ते आश्रुबाला माहीत नव्हतं. माहीत असतं तरी सांगितलं नसतं, असंही तो म्हणाला. परवाच का गेला, असं माधवरावांनी विचारलं, तेव्हा तो जरा वेळ पाईपच सरळ करत राहिला.

"नांदेडचा माळी वळखीचा हाय, त्यानं फोन केलता, साहेब. तुमी हिकडं यायलाव म्हून. त्यानं लगेच पिशवी भरली. मी म्हणलं, आई हाय तुजी, भेट की. तर म्हणला, मला बघितलं की घरी नेतेत, आन् तिथं मी जगत न्हाई."

माधवराव वाफ्याच्या कडेलाच बसले. सात महिने ते मुलाच्या मागं होते. आणखी कुठं कुठं आपल्या धास्तीनं त्याला पिशवी भरावी लागली असेल, हा विचार त्यांना सहन होईना. सुमंगलाबाई मात्र गाडीकडं निघाल्या होत्या. पाथरी जवळ आहे, दोन दिवसांत माणूस किती लांब जाईल, चला उठा, असं म्हणू लागल्या.

"तो मला भ्यायलाय, सुमंगला," माधवराव म्हणाले.

"मग तुम्ही घरी बसा. मी एकटी फिरते."

"तो आणखी पुढं पळेल. पळता पळता कुठंतरी पडेल."

त्या गाडीच्या पायरीवर बसल्या. भुऱ्या खोलीच्या दारातून हलायला तयार नव्हता. शेवटी सुमंगलाबाईंनीच आश्रुबाला विचारलं, विवेकचा फोन येतो का. आठ-पंधरा दिवसांनी करीन म्हणालाय, असं आश्रुबानं सांगितलं. कुत्र्याची आठवण लय काढायचा, हेही सांगितलं.

"मग कुत्रं इथं ठेवते," त्या म्हणाल्या. "त्याला सांगा, आई-बापानं फिरणं बंद केलं. त्यानं कधीही यावं, कुत्रं न्यावं. आम्ही इकडं पाऊल टाकणार नाही."

माधवरावांनी भुऱ्याची थाळी आणि पट्टा उतरवून दिला. परभणीला परतताना पेडगावच्या अलीकडं त्यांना गाडी बाजूला घ्यावी लागली. रस्ता दिसेनासा झाला होता. सुमंगलाबाईंनी त्यांना रडू दिलं. स्वतः खिडकीबाहेर बघत राहिल्या.

एकोणीस दिवस काही कळलं नाही. सुमंगलाबाई फोन उशाशी घेऊन पडून असत, जेवायलाही उठवावं लागे. विसाव्या दिवशी दुपारी आश्रुबाचा फोन आला. सकाळी आला, अर्धा तास बसला, कुत्रं घेऊन गेला, असं त्यानं सांगितलं. आमचं काही विचारलं का, असं माधवराव म्हणाले. आश्रुबा न्हाई म्हणाला.

सुमंगलाबाईंनी फोन त्यांच्या हातातून घेतला.

"वाळलाय का हो तो?"

"वाळलाय थोडा, बाई. पण बरा हाय."

बरं, असं म्हणून त्यांनी फोन परत दिला. माधवरावांना आणखी काही विचारायचं होतं, पण तोवर तो बंद झाला होता.