कळंब आणि कमळ

देवळातल्या जुन्या पोथीत एक रंगीत चित्र आहे. दोन सरदार घोड्यांवर, एकमेकांवर तलवारी उगारलेल्या. एकाच्या ढालीवर कळंबाचं पिवळं फूल, दुसऱ्याच्या ढालीवर कमळ. कळंब हे सयाजीच्या घराण्याचं देवक, कमळ कुशाबाच्या घराण्याचं. श्रावणातल्या अष्टमीला पोथी उघडायची आणि ज्याच्या त्याच्या घरातल्या पुरुषाने आपलं फूल आपल्या सरदारापुढे ठेवायचं. एक वर्ष चुकलं की मान कायमचा गेला. एवढ्यापायी दोन्ही घरांनी कधी एकमेकांचा उंबरा ओलांडला नाही. बेल्ह्याच्या बाजाराला निघाले तरी हे दोघे म्हातारे एका टेंपोत बसायचे नाहीत. खुळेपणा म्हणा, पण तो त्यांनी जिवापाड जपला होता.

यंदा कुशाबाला लकवा मारला. मुलगा भरत दुबईला. "अष्टमीला येतो," म्हणाला होता, पण पोथी उघडली तरी त्याचा पत्ता नाही. कुशाबाची बायको साळुबाई कमळ घेऊन पायरीशी एकटीच उभी. बाईमाणसाने फूल ठेवायचं नाही, ही आणखी एक रीत.

कुशाबाच्या घराचा मान जायच्या याच दिवसाची वाट बघत सयाजीच्या बापाने डोळे मिटले होते. सयाजीने चित्राकडे पाहिलं. समोर कुणी नसलं, तर आपला सरदार तलवार उगारून करणार काय? त्याला एकदम पोरकं वाटलं. त्याने साळुबाईच्या हातून कमळ घेतलं आणि आपल्या फुलाआधी तेच ठेवलं. हरकत घ्यायची तर त्याच्याच घराने. मग बाकीचे काय बोलणार?

"वहिनी, म्यां ठिवलं म्हनून त्याला सांगू नका. हाय खाईल त्यो," म्हणत सयाजी तिच्याबरोबर कुशाबाच्या घरी गेला.

"फूल ठिवलं का?" कुशाबाने जड जिभेने विचारलं.

"ठिवलं. भरतनं ठिवलं," सयाजी म्हणाला.

"आला व्हता?" म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. तो दाराकडे बघत राहिला.

"लगीच गेला. इमान व्हतं त्याचं."

"गावात आला," कुशाबा म्हणाला, "आन मला न्हाई भेटला?"

 सयाजीने खरं सांगावं तर कुशाबाच्या घराचा मान जातो, न सांगावं तर पोरगा बापाच्या मनातून जातो. साळुबाईने तोंडात पदर कोंबला. कुशाबाने भिंतीकडे तोंड फिरवलं.

मान राहिला. कुशाबा मात्र त्याच आठवड्यात गेला, मुलावर रुसूनच.