स्क्रूवरचा ठिपका

क्लाइव्हशी लग्न करताना त्याच्या मोटरसायकलीशीही संसार करावा लागेल, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. आमची पहिली होंडा, चार सिलिंडरची, मुलगी झाली तेव्हा विकावी लागली. त्यानंतर उभा जन्म तो तिच्याबद्दल असं बोलायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं ती माझी सवतच. म्हातारपणी त्याला तसलीच एक चौऱ्याहत्तर सालची गाडी एका गोठ्यात सापडली, कोंबड्यांच्या घाणीखाली, निम्मी सुट्ट्या भागांत. ती त्याने आमच्या परसातल्या शेडमध्ये आणली, आणि माझ्या ओव्हनमध्ये रविवारचं रोस्ट कमी आणि रंग पक्का व्हायला ठेवलेली इंजिनाची झाकणं जास्त भाजली जाऊ लागली. मी खूप कुरकुर केली. पण ती गाडी चालू झालेली मलाही बघायची होती.

क्लाइव्हचं एक वेड त्याच्या जुन्या मोटरसायकलींच्या सगळ्या क्लबाला पाठ होतं. जपानी गाडीचे फुलीचे स्क्रू आपल्या इथल्या स्क्रूड्रायव्हरने फिरवायचे नाहीत. दिसायला दोन्ही फुल्या सारख्याच, पण आपलं टोक त्या खाचेत पुरतं बसत नाही, घसरतं आणि खाच कुरतडून टाकतं. इथे इंग्लंडात, आमच्या यॉर्कशायरमध्ये, लोक वर्षानुवर्षं असे स्क्रू नासवत आलेत, आणि वर म्हणत आलेत की जपान्यांचे स्क्रू म्हणजे नुसतं लोणी. हे वाक्य कानावर पडलं की क्लाइव्ह पेटायचा.

"लोणी तुझ्या डोक्यात भरलंय," तो म्हणायचा. "स्क्रूच्या माथ्यावर तो बारका ठिपका दिसत नाही? ठिपका दिसला की जपानी स्क्रूड्रायव्हर घ्यायचा. डोळे आहेत की बटणं?"

त्याचा जुना दोस्त नेव्हिल हे इतक्या वेळा ऐकून होता, की एका वाढदिवसाला त्याने क्लाइव्हला डबीत घालून खरोखरच शर्टाची बटणं भेट दिली होती.

त्या बुधवारी मी शेड झाडायला गेले. केरात तीन स्क्रू निघाले. उजेडात धरून बघितले. तिन्हींवर ठिपका होता, आणि तिन्हींच्या खाचा उंदराने खाल्ल्यासारख्या झाल्या होत्या.

मी ते त्याच्या नाकासमोर नाचवले नाहीत. चहा देताना नुसतं विचारलं, "झाकण बसलं का रे नीट?"

"बसलं," क्लाइव्ह म्हणाला. "स्क्रू मात्र एकदम भिकार. नुसतं लोणी."

मी त्याच्याकडे बघत राहिले आणि तो माझ्या कानाच्या बाजूला कुठेतरी बघत राहिला. गेले कित्येक महिने तो असाच बघत होता, आणि मी समजत होते की स्वारी माझ्यावर रुसली आहे. बशीत सांडणारा चहा, न वाचता घडी केलेला पेपर, सगळं एकदम जागच्या जागी बसलं. त्याच्या आईचंही म्हातारपणी असंच झालं होतं. नजरेचा मधला भाग पुसला गेला आणि कडाकडांचं तेवढं उरलं. माणसाचा चेहरा बघायचा तर तिला मान वळवून बाजूला बघावं लागायचं.

क्लाइव्ह वसंतात एकटाच डोळे तपासायला गेला होता. परत आल्यावर म्हणाला होता, "पोरासारखे डोळे आहेत म्हणाले." मी विश्वास ठेवला. मूर्ख बाई.

आणि रविवारी क्लबाची फेरी होती. आमच्या दारातून रस्ता सरळ खाली उतरतो, तळाशी चॅपलचं वळण, आणि रविवारी सकाळी त्या वळणावर निम्मं गाव फिरायला निघालेलं असतं. कुत्री, बाबागाड्या, काठी टेकत चालणारी म्हातारी माणसं. त्या उतारावरून क्लाइव्ह ती अवजड गाडी घेऊन जाणार होता.

शनिवारी इंजिन चालू झालं. आधी खोकलं, मग चारही सिलिंडर एका सुरात लागले, आणि माझ्या अंगावर काटा आला. विशीतली मी त्या आवाजामागे बसून व्हिटबीला समुद्रावर गेले होते. क्लाइव्हच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या क्षणी गप्प बसावं असं फार वाटलं, पण जीभ आवरली नाही.

"उद्या पहिल्यांदा नेव्हिलला चालवू दे."

"का म्हणून?"

"तुझे डोळे..."

"माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही." त्याने इंजिन बंद केलं. "ही गाडी रस्त्यावर यावी असं तुला कधी वाटलंच नाही, डोरीन. तेव्हाही विकायला लावलीस."

हे फार लागलं. विकायचं आम्ही दोघांनी मिळून ठरवलं होतं, हे त्यालाही माहीत होतं. मी घरात आले आणि सिंकपाशी उभी राहून रडले, रागाने जास्त.

मग विचार केला. किल्ली लपवली, तर तो दुसरी करून आणेल. वायर उपटली, तर बोटांनी चाचपून जोडेल आणि पुढच्या रविवारी निघेल. नेव्हिलला सांगितलं, तर चारचौघांत अब्रू घेतली म्हणून जन्मभर बोलणार नाही, आणि तरीही निघेल. हे त्याचं त्यालाच कळायला हवं होतं. कसं, ते मला रविवारी नाश्त्याला बेकन परतेपर्यंत सुचलं नव्हतं.

नेव्हिल त्याच्या गाडीवरून वेळेवर फाटकाशी आला. क्लाइव्ह पोटावर न बसणारं जुनं चामडी जाकीट चढवून, हातमोजे घालून गाडीवर बसला होता. इंजिन चालू होतं, फाटक उघडं होतं.

"थांब," मी पुढे होऊन म्हणाले. "शेडमध्ये खाली एक स्क्रू पडला होता. आपला आहे की जपानी? ठिपका आहे का बघ."

मी तळहात त्याच्यापुढे धरला.

नेव्हिल हेल्मेट काढून जवळ आला होता. त्याने माझ्या तळहाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. तो तोंड उघडणार होता, पण मी डोळे वटारले तसा गप्प झाला.

क्लाइव्ह वाकला. मान किंचित वळवली, अगदी त्याच्या आईसारखी.

"आहे की," तो म्हणाला. "चांगला ठसठशीत आहे. एवढं दिसत नाही तुला? डोळे आहेत की बटणं?"

नेव्हिलने मान खाली घातली. मी हात मागे घेतला नाही.

"उचल तो," मी म्हणाले.

त्याने हातमोजा काढला. त्याची बोटं माझ्या तळहातावर आली, मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत फिरली, परत मागे गेली, पुन्हा फिरली. माझा हात रिकामा होता. इतका दुष्टपणा मी आयुष्यात कुणाशी केला नव्हता, आणि केला तो ह्याच्याशी. त्याची बोटं माझ्या हातात तशीच थांबली. मग दुसऱ्या हाताने त्याने किल्ली फिरवली आणि इंजिन बंद झालं.

"कधी कळलं तुला?" त्याने विचारलं.

"तू लोणी म्हणालास तेव्हा."

मग नेव्हिल घसा साफ करून म्हणाला, "माझ्या मागे बसतोस का?"

"तुझ्या मागे? त्यापेक्षा आंधळा झालेला बरा." क्लाइव्ह पाय टाकून उतरला आणि होंडाचं हँडल नेव्हिलच्या हातात दिलं. "हिला तूच घेऊन जा. उतारावर खालच्या गियरमध्ये ठेव. आणि वळणाला माणसं असतात, जपून."

नेव्हिल आमची होंडा घेऊन गेला. आम्ही दोघं फाटकाशी उभे राहिलो. क्लाइव्ह डोळे मिटून ऐकत होता, आणि माझा हात त्याने अजून सोडला नव्हता. चॅपलच्या वळणाशी आवाज जरा घोगरा झाला, मग पुन्हा मोकळा होऊन लांब गेला.

"चौथा कार्ब्युरेटर नीट ओढत नाहीये," तो म्हणाला. "उद्या उघडू या. जपानी स्क्रूड्रायव्हर डाव्या खणात आहे. स्क्रू तू काढ."