हिरवी गेझिने

गेझिनेने साबणाचं फडकं फळीवर जोरात घासलं, तसा चित्रातल्या चेहऱ्याचा हिरवा रंग ओघळून मानेवर उतरला.

"अहो बाई, काय करताय!" माडीवरचा भाडेकरू, चित्रकार लुडोल्फ क्रेमर, जिन्यावरून धडपडत आला. "माणसाचं चित्र आहे ते."

"कोणाचं? कोबीचं?"

"तुमचं."

गावातल्या नेमबाजीच्या जत्रेला मागल्या साली जिंकून 'राजा' झालेल्याने गोल लाकडी फळी रंगवून द्यायची आणि सगळ्यांनी तिच्यावर गोळ्या झाडायच्या, ही जुनी रीत. दोन वर्षं राजा होता पवनचक्कीवाला हार्म ब्रोडरसन. त्याने क्रेमरला फळीवर आपली पवनचक्की काढायला सांगितली होती. पण कॅनव्हास संपलं की क्रेमर हाती लागेल त्यावर रंगवत सुटे. गेझिनेच्या फडताळाचं दार असंच गेलं होतं.

"मी दिसतं ते काढत नाही," तो म्हणाला, "जाणवतं ते काढतो."

"मला बघून पिवळं नाक जाणवतं तुम्हाला?"

"आत्ता तर फारच."

गेझिनेला हसू येईना. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली. गेली तीन वर्षं हार्म दर रविवारी तिच्या कुंपणाशी थांबे, टोपी हातात फिरवत हवापाण्याचं बोले आणि निघून जाई. आज ना उद्या पुढचं बोलेल, अशी तिला आशा होती. हे थोबाड पाहिल्यावर कसला बोलतोय!

फळी लपवायलाही सवड मिळाली नाही. बँडवाले दारात आले आणि ती वाजतगाजत घेऊन गेले.

"अरे, ही तर आपली गेझिने!" मैदानात डेटलेफ खाटीक ओरडला. "वजनात हाड जास्त घातलं की माझ्याकडे अश्शीच बघते!"

लोक पोट धरून हसले. गेझिनेने हॅट भुवयांपर्यंत ओढली. प्रत्येकाला तीन गोळ्या. खाटकाने कान उडवला, नाक फोडलं, शाळामास्तरांनी अंबाडा.

मग हार्म. तो बराच वेळ फळीकडे बघत राहिला. त्याच्या तिन्ही गोळ्या मागच्या झुडपात गेल्या.

लोक एकमेकांकडे बघायला लागले.

"ऊन डोळ्यांवर आलं," हार्म म्हणाला.

सकाळपासून आभाळ पाटीसारखं काळं होतं.

"पाहिलंत?" क्रेमर फळीवरची नजर न हलवता, गेझिने शेजारीच आहे असं समजून, आनंदाने कुजबुजला. "बर्लिनमध्ये माझ्या चित्रापुढे कोणी क्षणभर थांबत नाही. इथे एक डोळा मिटून निरखतात!"

गेझिने तिथे नव्हतीच. ती गर्दी सारत हार्मपाशी पोचली होती. तो खाली मान घालून बंदूक पुसत होता.

"तिन्ही चुकल्या?"

"तिन्ही." त्याचे कान लाल झाले. "बाकी काही का असेना, डोळे जमलेत त्याला."

पहिला नाच नव्या राजाचा, असा तिथला नियम. त्या साली नवा राजा झालेला डेटलेफ गळ्यातली राजाची साखळी सारखी करेपर्यंत एक जोडपं मैदानात उतरलंसुद्धा होतं.