पंधरा हातांची विजयमाला

"हा चेहरा पुसू नका, संगप्पा. आणि लोक मला ओळखेनासे झाले की मला आणून दाखवा."

मित्रांनो, हे शब्द नटी विजयमालाबाईंचे. माझ्यासमोर उभ्या राहून त्या हसत हसत बोलल्या होत्या. मी सोलापुरातल्या एका थिएटरवरच्या रंगवलेल्या बोर्डाचं, पट्टे जोडून शिवलेलं कापड. आता जुनं, जागोजागी विरलेलं.

आमच्यावर एक चेहरा फार तर चार-पाच आठवडे टिकायचा. सिनेमा उतरला की वरून पांढऱ्या रंगाचा हात मारायचा आणि नवा नट काढायचा. संगप्पा पेंटरांनी माझ्यावरचे असे किती चेहरे पुसले असतील! पण बाईंचा पहिलाच सिनेमा पंचवीस आठवडे चालला. त्यात त्या देवी झाल्या होत्या. बायका चपला काढून यायच्या आणि माझ्या खालच्या कडेला रंगवलेल्या पावलांना हळदकुंकू लावायच्या. पंचविसाव्या आठवड्याला बाई स्वतः आल्या आणि तो शब्द घेऊन गेल्या. संगप्पांनी मला पुन्हा पांढरं केलं नाही.

त्यांच्या शेडच्या भिंतीवरून मी पुढचं सगळं बघितलं. नव्या कापडांवर बाई आधी माझ्यावरच्यासारख्याच पंधरा हात उंच असत. मग नायकाच्या खांद्याएवढ्या झाल्या. मग कोपऱ्यात पांढऱ्या केसांची आई. मग तो कोपराही गेला. शेवटी फ्लेक्स आले आणि संगप्पांचे ब्रश डब्यातच वाळले.

मला घेऊन ते वळसंगला, गावी परतले. त्यांची बायको अक्कम्मा सोमवारची पूजा झाली की हटकून विचारायची, "कवा जाणार वो तुमी बाईकडं?"

"अजून टीव्हीत दिसत्यात की त्या. वळखत्यात लोक. आत्ताच गेलो तर त्यास्नी काय वाटंल?"

या भिडेपायी वर्षं गेली. मला कडब्यावर टाकलं. उंदरांनी एक गाल खाल्ला, पावसानं पावलं धुऊन नेली. "तेवढं ऱ्हायलं," एवढंच म्हणून संगप्पाही गेले.

गेल्या आठवड्यात त्यांच्या सुनेनं, सोनमनं, मोबाईलवर बातमी वाचली. विजयमालाबाई पुण्याला वृद्धाश्रमात आहेत. जवळ कुणी नाही. स्वतःचं नावही आठवत नाही.

"आत्या, आता ही चिंधी दाखवून काय हुनार? आरशातबी सोताला वळखंनात म्हणं त्या."

अक्कम्मानं मला कडब्यावरून खाली ओढलं.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी. कुणाला काही दाखवायचं कबूल केलं असेल, तर त्याला दिसतंय तोवर दाखवा. माझ्यावर आता एक डोळा आणि कपाळावरचं कुंकू उरलंय. ते ओळखणारं कुणी उरलं नाही.

आज सोमवार. अक्कम्मानं महादेवाला बेल वाहिला. मग माझी शिवण उसवून चेहऱ्याचा तेवढा पट्टा सोडवला आणि धुतलेल्या लुगड्यात गुंडाळला.

"आत्या, दोन घास खाऊन तरी जावा की."

"सोमवार हाय न्हवं," म्हणत तिनं चपला घातल्या.

मला काखेत धरून ती पुण्याची गाडी गाठायला होटगी स्टेशनाच्या वाटेला लागली. उन्हानं उरलासुरला रंग उडू नये म्हणून चेहऱ्याची बाजू तिनं आतल्या अंगाला ठेवली होती.