कोपऱ्यातलं बेणं

बेण्याचे पैसे घेत नाहीत, ही आमच्या बोथकडची रीत. हळदीचं बेणं, म्हणजे लावणीचे कंद, जेवढं दिलं तेवढंच पीक निघाल्यावर परत यायचं, आणि मधल्या काळात देणाऱ्याने गावभर मिशीला पीळ देत फिरायचं. मी, उद्धवराव, पंचवीस वर्षं असाच फिरलो. माझ्यासारखी हळद कुणाकडे नाही, हे मी कुणी न विचारताही सांगायचो.

मागच्या वर्षी वावराच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे पाणी साचतं, तिथे पानं कडेने पिवळी पडली. झाड ओढलं तर अलगद हातात आलं. बुडाशी पिचपिचीत, आणि वास असा की दुपारची भाकरी गोड लागेना. शेती खात्याचे साहेब म्हणाले, कंदकूज आहे. बुरशी मातीत राहते, बेण्यातूनही जाते. तिथे तीन वर्षं हळद नको आणि तिथलं बेणं कुणाला देऊ नका. मी हे घरातसुद्धा बोललो नाही. नाक कापलं गेलं असतं ना.

पण त्या कोपऱ्यातले काही कंद वरून ठणठणीत दिसत होते. टाकायला जीव होईना. शेजारची सुनयना यंदा पहिल्यांदाच दहा गुंठे हळद लावणार होती. नवरा हैदराबादला कामाला, सगळं वावर तिच्या अंगावर. ती बेणं मागायला आली तेव्हा मी चांगलं स्वतःला ठेवलं आणि कोपऱ्यातलं चार पोती बेणं तिला दिलं. काही होणार नाही, असं मनाला सांगितलं. मन काय, सांगू ते ऐकतं.

भाद्रपदात तिचे दहाही गुंठे सडले. माझी बायको आशाबाई बायकांकडून ऐकून आली की सुनयना अडचणीच्या दिवसांत हळदीत शिरली, म्हणून पीक नासलं. आमच्याकडे तसं मानतात. ती पोरगी स्वतःच तसं कबूल करून रडते, असंही आशाबाई म्हणाली. मी ताटातून मान वर केली नाही. भाजीत मीठ कमी आहे, एवढंच बोललो. मीठ बरोबर होतं.

दसऱ्याच्या आधी सुनयना घरी आली. बसली नाही. चार पोती बाजारातून आणून परत करते म्हणाली, आणि पुढच्या साली त्याच जागी लावायला पुन्हा माझंच बेणं मागितलं. त्या दिवसांत वावराकडे फिरकणारही नाही, हे ती मान खाली घालून आशाबाईला सांगत होती, मला ऐकू येईल इतक्या आवाजात. तेव्हा मात्र मला माझी लाज वाटली. त्याच मातीत पुन्हा हळद लावली असती तर तिचं दुसरंही वर्ष सडलं असतं, आणि तिने पुन्हा स्वतःलाच दोष दिला असता.

"तुह्यामुळं नाही नासली, सुनयना. माह्यं बेणंच खराब होतं."

तिला ते खरं वाटेना. मी तिचं मन राखायला बोलतोय असं तिला वाटलं, आणि ती चक्क माझ्या पाया पडली. आशाबाईनेही माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. अशा वेळी भुईने दुभंगून पोटात घेतलं तर बरं, असं माणसाला वाटतं. मी चपला घातल्या, चल म्हणालो, आणि तिला सरळ खालच्या कोपऱ्यात नेलं.

तिथे ज्वारी उभी होती, कणसं भरत आलेली. बाकी सगळ्या वावरात हळद आणि कोपऱ्यात तेवढाच तुकडा ज्वारीचा. मी सगळं सांगितलं. इथे कूज होती, इथलंच बेणं तुला दिलं, आता तीन वर्षं तुझ्या त्या जागी हळद लावू नकोस.

तिने ज्वारीचं एक कणीस हातात धरून पाहिलं.

"इथं ज्वारी पेरली तवा तुमाले माहीत होतं," ती म्हणाली. "मले काऊन नाही सांगतलं, काकाजी? मी पण ज्वारीच पेरली असती."

ती धुऱ्याच्या बांधावरून एकटीच परत गेली. घरी जाऊन आशाबाईला सांगायचं अजून बाकी होतं.