वैशाख तिचा, श्रावण माझा

“अक्षय्यतृतीया अजून लांब आहे,” लीला म्हणाली आणि मी वर केलेली कूलरवरची चादर तिनं पुन्हा खाली ओढली.

“अगं, बाहेर बघ तरी. कुत्री नालीत जाऊन बसलीत.”

“बसू देत. त्यांना पंचांग नाही. आपल्याला आहे.”

मी मुकाट्यानं पंख्याखाली जाऊन बसलो. पंखा वरची गरम हवा खाली आणत होता, तेवढीच त्याची नोकरी.

मी सुमंत. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून होतो, आता रिटायर. मूळचा इगतपुरीचा. नोकरीच्या निमित्तानं बनारसला आलो, इथल्याच एका मराठी शास्त्रीबुवांची मुलगी केली आणि भोसले घाटामागच्या गल्लीत सासऱ्यांनी दिलेल्या वरच्या दोन खोल्यांत जो अडकलो तो अडकलोच. लीलाच्या माहेरचा नियम असा, की ऋतू आधी देवाचा, मग माणसांचा. कार्तिकी पौर्णिमेला घरच्या बाळकृष्णाला लोकरीची बंडी चढल्याशिवाय कुणी कपाटातून स्वेटर काढायचा नाही. अक्षय्यतृतीयेला त्याला चंदनाची उटी लागल्याशिवाय कूलर लावायचा नाही. देवाला उकडत असताना आपण गार वाऱ्यात लोळायचं, ही कुठली रीत?

पूर्वी हे निभून जायचं. वैशाखासोबत लू यायची आणि वैशाखासोबत उटीही यायची. आता होळीची राख थंड होत नाही तोच लूचा गरम वारा सुरू होतो. देवाचं पंचांग मात्र तिथंच आहे.

आणि लीलाला काय त्याचं? तिला ऊन म्हणजे माहेर. भर दुपारी गच्चीवर पापड, मिरच्या, आंबोशी वाळत घालून ती स्वतःही त्यांच्यात बसायची. म्हणायची, “ऊन लागलं की अंग कसं मोकळं होतं बघा.” माझं अंग मोकळं व्हायचं ते घामानं. मी चिडून म्हणायचो, “आमच्या इगतपुरीला मे महिन्यातही पहाटे पांघरूण लागतं.” ती म्हणायची, “आणि श्रावणात होडी.”

हे काही उगाच नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात मी तिला गावी नेलं होतं. खिडकीतून धुकं आत येतंय, चार-चार दिवस कपडे वाळत नाहीत, दारासमोरचा डोंगर दिसेनासा झालाय. मला वाटलं, मी हिला स्वर्ग दाखवतोय. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, “तुमच्याकडे सूर्य कुठे ठेवतात हो?” तिसऱ्या दिवशी तिला धाप लागली, छातीत शिट्टी वाजायला लागली आणि ती बोलायची थांबली. लीला बोलायची थांबते म्हणजे काय, ते आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. घाबरून मी तिला परत आणलं. बनारसला उतरलो तर लख्ख ऊन पडलेलं. स्टेशनबाहेर तिनं रिक्षावाल्याशी असं काही भांडण काढलं, की मी म्हटलं, चला, बरी झाली.

पुढे इगतपुरीकडची बदली दोनदा चालून आली. दोन्ही वेळा मी नको म्हणालो आणि घरी काही बोललो नाही.

तर तो चैत्र. कूलर चादरीखाली आणि मी भाजी घेऊन घराचा जिना चढत होतो. मधल्या वळणावर भिंत हलली. पुढचं आठवतं ते दवाखान्याचं छत, हाताला सलाईन आणि उशाशी लीला. तिच्या ओठांना रंग नव्हता. डॉक्टर तरुण होता. म्हणाला, “चाचाजी, इस उमर में ऐसी गर्मी आप नहीं झेल पाएँगे. अगली बार शायद समय न मिले.”

घरी आलो तर कूलर सुरू होता. मी देव्हाऱ्याकडे पाहिलं. बाळकृष्ण चंदनानं नखशिखांत माखलेला.

“तिथी कुठली आज?” मी विचारलं.

“कुठलीही असो. मी सांगितलं त्याला. म्हटलं, तुझं पंचांग जुनं आहे आणि हा मौसम नवा. तू रागावलास तर माझ्यावर रागाव, यांना हात लावू नकोस.”

तिच्या आईनं लावून दिलेला नियम तिनं माझ्यासाठी मोडला होता. मला रडू आलं. लपवण्याइतकी ताकद नव्हती, म्हणून लपवलं नाही.

पण बाहेर त्रेचाळीस झाल्यावर कूलर तरी काय करणार? मग लखनौहून आमच्या मुलीनं, ऋतानं, एसी पाठवला. एसीनं मला बरं वाटलं आणि लीलाच्या छातीत शिट्टी सुरू झाली. मी दार लावून आत, ती पदरात खोकत बाहेर. ताटसुद्धा ती दारातूनच आत सरकवायची. एका घरात दोन ऋतू आणि मधे फळकुटाचं दार, असे दिवस चालले होते.

एक दिवस सकाळी ती माझ्या पुढ्यात येऊन बसली.

“मी विश्वजीतभावजींना फोन केला होता,” ती म्हणाली. विश्वजीत माझा धाकटा भाऊ, गावचं घर तोच बघतो. “ते म्हणाले, दादाची खोली तयारच आहे. तुम्ही जा. गर्मी-बरसात सगळी तिथं काढा आणि दिवाळीला या.”

“आणि तू?”

“मी इथं.”

“वेडी आहेस का? या वयात दोघं दोन ठिकाणी?”

“मग एका ठिकाणी कुठे राहायचं, ते तुम्हीच सांगा. इथं तुम्ही पडता, तिथं मी पडते. दोघांपैकी एकाला सारखं दवाखान्यात बसवून संसार करायचाय का?”

“निदान वैशाखभर तरी चल. पावसाच्या आधी परत पोचवतो तुला.”

तिनं गच्चीच्या जिन्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, “वैशाख सोडून कशी येऊ? बारा महिन्यांतले वैशाख-ज्येष्ठ तेवढेच दोन महिने माझा श्वास मोकळा असतो. उटी लावायची, संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायचं, मग त्या गार दगडावर पाठ टेकायची. त्या दिवसांची मी वर्षभर वाट बघते हो. तुम्हाला श्रावण सोडून कुणी बोलावलं असतं तर?”

तिनं माझा हात हातात घेतला.

“माहीत आहे. तुम्ही सगळे श्रावण सोडलेत. बदल्याही सोडल्यात. तुमच्या साहेबांच्या बायकोनं तेव्हाच सांगितलं होतं मला. मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर ‘जाऊ या’ म्हणावं लागलं असतं. आता मी म्हणते, जा. राहिलेले श्रावण तरी तुमचे घ्या.”

ऋताचा फोन आला. “बाबा, आई को समझाओ ना. अलग अलग राहणार तुम्ही? लोग क्या कहेंगे?” लीलानं फोन माझ्या हातातून घेतला. “लोकांना सांग, मौसम खराब आहे,” म्हणाली आणि ठेवून दिला.

मी खूप हुज्जत घातली. नाही जात म्हणालो, जेवलो नाही, एक दिवस तर अबोला धरला. तिनं तिकीट काढलं. बॅगेत स्वेटर, कानटोपी, मोजे भरले. हे सगळं ती पंख्याशिवाय, घाम पुसत भरत होती, आणि प्रत्येक कपड्यावर हात फिरवत होती. मला ते बघवेना. आणि खरं सांगू का, मनाच्या एका कोपऱ्यात मला त्या धुक्याचा वासही यायला लागला होता. त्याची लाज वाटत होती आणि तो येतच होता.

निघायच्या दिवशी बॅगेची एक मूठ तिनं धरली, एक मी. गल्ल्यांतून हळूहळू चालत आलो. आमच्या गल्लीत ऊन पोचत नाही, घरं एकमेकांना टेकलेली. गल्ली संपते तिथं मोठा रस्ता, तिथं ई-रिक्षा उभी होती. सावली संपली तिथं लीला थांबली.

“स्टेशनवर येत नाही मी,” ती म्हणाली. “ऊन फार आहे आज.”

मी तिच्याकडे बघत राहिलो. ती माझ्याकडे बघत नव्हती, बॅगेची चेन लागली आहे का ते बघत होती.

“औषध वेळेवर घे,” मी म्हणालो.

“तुम्हीही. आणि पावसात खिडकीत बसाल तेव्हा पायात मोजे घाला.”

रिक्षा निघाली. वळणाआधी मी मागे पाहिलं. लीला सावली सोडून रस्त्याच्या मधोमध आली होती, डोक्यावर पदर नाही, चप्पलही गल्लीतच राहिलेली. तापलेल्या डांबरावर ती तशीच उभी होती.