पत्त्यावर आढळले नाहीत

मी शेखर. इगतपुरीजवळच्या आमच्याच गावात शिक्षक आहे. मतदार यादीचं कामही माझ्याकडेच असतं. पुढचं सांगायला मला दोन वर्षं लागली.

गावाबाहेर टेकडीच्या उतारावर कातकऱ्यांची पाच घरं आहेत. ही माणसं अकरा वर्षं सावळीराममामाच्या वीटभट्टीवर वेठबिगार होती. सावळीराम माझा सख्खा मामा. बाजाराला जायचं तरी त्यांनी त्याला विचारायचं, पोर तापानं फणफणलं तरी त्याला विचारायचं. शेवटी सरकारी माणसं आली, त्यांना सोडवलं आणि प्रत्येकाच्या हातात मुक्तीचा दाखला दिला.

त्यांच्यातली कुसाबाई एका सकाळी शाळेत आली. नऊ जणांचे अर्ज तिनं प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणले होते.

"गुरुजी, आमची नावं यादीत घाला. ग्रामसभेत गेलो तर म्हणतात, तुमी गावचे नाय. उठा."

मी अर्ज ठेवून घेतले. चौकशीला घरी येतो म्हणालो.

संध्याकाळी मामा आमच्या ओट्यावर येऊन बसला. ओरडला नाही. माझ्या शिक्षणाचा खर्च त्यानंच केला होता, पण त्याची आठवणही करून दिली नाही. "शेखर, टेकडीपर्यंत कशाला जातोस? चिखल लय झालाय," एवढंच म्हणाला.

मी गेलो नाही. नऊही अर्जांवर लिहिलं, 'पत्त्यावर आढळले नाहीत.' सुवाच्य अक्षरात.

महिन्याभरानं तहसील कचेरीतून बोलावणं आलं. कुसाबाईनं अपील केलं होतं. नायब तहसीलदार मॅडमनी विचारलं, "तुम्ही स्वतः गेला होतात?"

"हो मॅडम. दोनदा."

भिंतीशी उभी असलेली कुसाबाई पुढे आली. "मग सांगा गुरुजी, माझ्या घराचं दार कोणत्या अंगाला हाय?"

"पूर्वेला."

"दार नाय, बाई," ती मॅडमना म्हणाली. "खताची पोती शिवून लावलीत."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मी टेबलाच्या पायाकडे बघत राहिलो. मला नोटीस मिळाली आणि पुन्हा चौकशीचा हुकूम.

दुसऱ्या दिवशी मी टेकडीवर गेलो. चढायला दहा मिनिटंही लागली नाहीत. चौकशीच्या कागदावर इतरांनी अंगठे दिले. कुसाबाईनं सावकाश, एकेक अक्षर जोडत सही केली.

"कुसाबाई, माझं चुकलं," मी म्हणालो.

तिनं पेन परत दिलं. "मला काय सांगता? मला ठावंच हाय. मामाला सांगा."

नावं यादीत आली. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत मी केंद्राबाहेर चिठ्ठ्या वाटायला बसलो होतो. नऊही जण आले. कुसाबाईनं चिठ्ठीवरचं स्वतःचं नाव बोट ठेवून वाचलं आणि रांगेत जाऊन उभी राहिली.

थोड्या वेळानं मामा आला. वाकून हळूच म्हणाला, "कसं काय आली रे ही यादीत? तू तर अर्ज उडवले होतेस ना?"

कुसाबाई चार हातांवर होती. तिला ऐकू गेलं असणार. तेव्हा बोलायला हवं होतं.

"वरून हुकूम आला मामा, माझा इलाज नव्हता," मी म्हणालो, आणि उठून त्याला माझी खुर्ची दिली.